चकतीची विचारपूस

माझ्या दंडावर रक्तातली साखर मोजणारी, दर दोन आठवड्यांनी बदलायची चकती चिकटवलेली असते. ती दिसली की जो तो माझी शुगर विचारतो. विद्यानगरहून कोठीला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी मात्र विचारलं, "ही शेवटी शेवटी बहकते का हो?"

मराठी क्वचितच कानावर पडणाऱ्या या शहरात फोनवरचं माझं मराठी त्यांनी ऐकलं असावं. चष्मा कपाळावर सरकवून त्या इतक्या जवळून चकती न्याहाळू लागल्या, की मी दंड आखडला. "घाम आला की सुटते? याच कुशीवर झोपता?" माझ्या तब्येतीबद्दल एक शब्द नाही!

चकतीखाली कातडीत शिरलेली बारीक तार असते, तिच्यावर या बाई एका प्रयोगशाळेत काम करत होत्या, असं त्यांनीच सांगितलं.

"साखर मोजणं सोपं आहे हो. रोज तितकंच बरोबर मोजणं, तिथं आमचं घोडं अडतं. शरीराला तार परकी वाटते, ते तिच्याभोवती पडदा विणतं. वर तारेवरचा साखर ओळखणारा लेपही झिजतो. मग बिचारी चुकणारच."

"मग टिकणारा लेप मिळाला का?"

"काल मिळाला होता ना! आज सकाळी सुटला." आणि त्या खळखळून हसल्या.

कोठीला उतरताना त्यांनी वळून पाहिलं, तेही चकतीकडेच.

घरी बायकोनं नेहमीसारखी शुगर विचारली. चकतीचा आकडा सांगितला, मग उगाच बोट टोचूनही पाहिलं. दोन आकड्यांत बरंच अंतर निघालं. एरवी मी चकतीवर चिडलो असतो. त्या दिवशी मला त्या बाईंची सकाळ आठवली.