अनुपमा परबची विहीर

अनुपमा परबला ओळखणारे लोक तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास सांगतात. मरोळच्या ज्या कारखान्यात ती रबरी वायसरांची पार्सलं रवाना करते, तिथून तिच्या हातचं पार्सल कधी भलत्या गावाला गेलेलं नाही, ही एक. आणि ती कुणाला नाही म्हणत नाही, ही दुसरी. तिसरी गोष्ट मुलुंडच्या तिच्या इमारतीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. शनिवारी अर्धा दिवस भरून पवईच्या बसने घरी आली, जेवणं आटोपली, की ही पंचेचाळीस वर्षांची बाई कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि लाल वेणीच्या एका मुलीला भर बाजारातून पळवायची.

हा उद्योग 'बाईमाणूस' नावाच्या ऑनलाइन ग्रुपचा. घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या संघमित्राने तो सुरू केला होता. अट एवढीच की गेम जुना हवा आणि त्यात लढणारी बाई हवी. शेवटच्या खोलीत रडत बसलेली राजकन्या चालणार नाही. सभासद सात. बाकीचे सगळे तिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. गेम सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी दिसायचा, पण कळा मात्र ज्याचा नंबर त्याच्याच हातात. सध्या चालू असलेल्या गेममध्ये जीव सातच मिळायचे, म्हणून प्रत्येकाला एक. आपला जीव आहे तोवर आपण खेळायचं. गेला, की पुढच्याने त्याच टप्प्याच्या सुरुवातीपासून उचलायचं.

गेमचं नाव जपानी अक्षरांत होतं, ते कुणालाच वाचता येत नव्हतं. सगळे त्याला 'लाल वेणी' म्हणत. गावाची घंटा चोरीला जाते आणि ही वेणीवाली मुलगी ती परत आणायला निघते, एवढी कथा. पहिला टप्पा बाजार, दुसरा पूल, तिसरा तट आणि चौथा विहीर. पाचवा काय आहे, हे ग्रुपमधल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. चार महिने झाले, तिथवर पोचलेले सगळे जीव विहिरीत बुडत होते.

नंबर लावायचे ठरले तेव्हा संघमित्रा म्हणाली होती, "अनुपमाताई सगळ्यात मोठ्या. पहिला मान त्यांचा."

आपल्याकडे आरतीचं ताट असो की नव्या गाडीपुढचा नारळ, मान मोठ्यांना द्यायचा म्हणजे द्यायचा. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. अनुपमालाही तेव्हा बरंच वाटलं. अडचण दर शनिवारी यायची. बाजारात एक जाडजूड फळवाला उंचावरून टरबुजं फेकायचा, आणि अनुपमाचा जीव पहिल्या नाहीतर दुसऱ्या टरबुजाखाली जायचा. मग उरलेला वेळ ती बाकीच्यांना बघत बसायची.

"ताई, आज टरबूज किती रुपये किलो?" कांदिवलीचा श्रेयस विचारायचा. ग्रुपमधला सगळ्यात तयार हात त्याचा.

"तुला फुकट देते, ये," अनुपमा म्हणायची. तिचं बोलणं सगळ्यांना आवडायचं.

खरी गोम अशी होती, की अख्ख्या गेममध्ये अनुपमाला येत होती ती फक्त विहीर.

त्याचं कारण तीस वर्षांपूर्वीचं. कांदिवलीला दोन खोल्यांच्या घरात तिच्या भावाने, देवदत्तने, पैसे साठवून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. पिवळ्या कॅसेटवर शेकडो गेम लिहिलेले, आत जेमतेम बारा. देवदत्त आणि त्याचे मित्र सुट्टीभर 'लाल वेणी' खेळायचे. त्या पोरांना विहीर म्हणजे वैताग. ना मारामारी, ना उड्या. खाली पोहत जायचं, दम संपायच्या आत हवेचे बुडबुडे गाठायचे आणि पलीकडे निघायचं. पोरं धडाधड बटणं दाबायची आणि मुलगी गटांगळ्या खायची. मग हाक यायची, "अनू, विहीर कर गो!" दळण आणायला सांगावं तशी. अनू यायची, पोरांच्या मधे बसून विहीर करायची, मुलगी पलीकडच्या काठावर हात टेकायची, आणि त्याच क्षणी कुणीतरी तिच्या हातातून कंट्रोलर काढून घ्यायचं. पुढचा टप्पा सुरू व्हायच्या आत आई तिला आत बोलवायची. विहिरीच्या वर काय आहे, हे तिने कधी पाहिलं नाही. 'बाईमाणूस'मध्ये हा गेम निघाला तेव्हा तिला वाटलं होतं, आता बघू. इथे जीव असेपर्यंत हातातून कुणी काढून घेणार नाही.

पण तिथे पोचायचं तर आधी टरबूजवाला. आणि मान दिलेला असताना "मला पहिला नको" कसं म्हणायचं? रुसली असं वाटेल. एकदा तिने हळूच सांगूनही पाहिलं, "विहीर मला जमते हं."

"ताई, तुम्ही आधी बाजारातून बाहेर या," श्रेयस म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली.

अशात एका बुधवारी संघमित्राचा फोन आला.

"ताई, एक विचारायचं होतं. येत्या शनिवारी शेवटचा प्रयत्न करू, नाही जमलं तर दुसरा गेम घेऊ. सगळे कंटाळलेत. तर माझ्या डोक्यात असं आलं, की तुम्ही समालोचन करा. तुम्ही काय भारी बोलता! आणि तुमचा जीव श्रेयसला देऊ. त्याला दोन जीव मिळाले तर कदाचित विहीर निघेल. चालेल?"

"चालेल," अनुपमा म्हणाली.

फोन ठेवला आणि तिचं तोंड उतरलं. तिचा नवरा हर्षद समोर बसून शेंगा सोलत होता.

"काय चालेल?"

तिने सांगितलं.

"तुला चालणार आहे?"

"नाही."

"मग चालेल का म्हणालीस?"

"अरे, ती एवढं गोड बोलत होती."

"तुझं हे नेहमीचं आहे. मागे दुकानदाराने दोन नंबर मोठी चप्पल दाखवली, तरी तू चालेल म्हणालीस. अजून पायातून निसटते." त्याने शेंगा तिच्याकडे सरकवल्या. "एक सांग, एवढं काय आहे त्या विहिरीत?"

"विहिरीत काही नाही रे. विहिरीच्या वर काय आहे ते बघायचंय मला. माझ्या हाताने."

हर्षदला ते पूर्ण कळलं असं नाही, पण तो चेष्टेवर गेला नाही. "मग फोन कर परत," एवढंच म्हणाला.

फोन तिने केला, पण भावाला. इतक्या वर्षांनी हाताला ते आठवतंय की नाही, याची तिला धास्ती वाटत होती. देवदत्त आता बोरिवलीला राहत होता.

"दादा, लाल वेणी आठवते?"

"खयची लाल वेणी?"

"टीव्ही गेमातली. विहीर होती बघ."

पलीकडून मोठं हसू आलं. "गो बाय, ती विहीर! मेलो आम्ही त्या विहिरीपायी. तू नसतंस तर आमची गाडी पुढे सरकली नसती. काय करायचंस तू? आम्ही विचारलं तर सांगायची नाहीस."

"काहीच करायची नाही मी. बटण सोडून द्यायची."

"म्हणजे?"

"पाण्याला ओढ आहे तिथे. तुम्ही हातपाय मारायचात, त्यात दम संपायचा. सोडून दिलं की पाणीच नेतं बुडबुड्याकडे. मधे एकदाच दाबायचं, दगड येतो तिथे."

"हत्तीच्या! आणि हे तू आज सांगतंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? नुसत्या हाका मारायचात."

"बरं बरं, भांडू नको आता," देवदत्त म्हणाला. "वर काय आहे ते सांगू तुला?"

"अजिबात नको," अनुपमा म्हणाली आणि घाईघाईने फोन ठेवला.

शनिवारी सगळे जमले. संघमित्राने नेहमीप्रमाणे हजेरी घेतली आणि म्हणाली, "तर मंडळी, आज समालोचनाला आपल्या अनुपमाताई. त्यांचा जीव श्रेयसकडे."

"थांब गं जरा," अनुपमा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मी चालेल म्हणाले होते. पण मला चालत नाहीये. माझा जीव मी कुणाला देणार नाही."

श्रेयस म्हणाला, "ताई, राग नका मानू, पण टरबूज..."

"टरबूज तू खा. संघमित्रा, पहिला मान माझा, असं तूच ठरवलंस ना?"

"हो, म्हणजे तुम्ही मोठ्या म्हणून..."

"मग माझा मान मी कुठे घ्यायचा, ते मी सांगते. बाजार तुम्ही करा. विहीर आली की पहिली मी."

"म्हणजे कुणाचा जीव मधेच थांबवायचा?" श्रेयसने शंका काढली. "नियमात बसत नाही."

"मान पण नियमात नव्हता," संघमित्रा म्हणाली. तिला आता मजा वाटू लागली होती. "ठरलं. विहिरीला ताई."

बाजार आणि पूल मिळून दोन जीव गेले. तटावर श्रेयस सफाईने खेळला आणि त्याचा जीव शाबूत असतानाच पडद्यावर निळंकाळं पाणी आलं. "घ्या ताई," तो म्हणाला. हातचा जीव थांबवून गेम सोडणं त्याच्या जिवावर आलेलं कळत होतं, पण त्याने सोडला.

अनुपमाने कळांवर बोटं ठेवली. लाल वेणी पाण्यात शिरली. बाजारातल्या सवयीने अनुपमाने एकदा दाबलं, मुलगी वेडीवाकडी झाली, दम अर्ध्यावर आला.

"गेली," कुणीतरी पुटपुटलं.

अनुपमाने बोटं उचलून मांडीवर ठेवली.

"ताई, नेट गेलं का? दाबा ना!"

"गप बस रे."

मुलगी आपोआप खाली जाऊ लागली, मग तिरपी झाली, आणि एका काळ्या कपारीपाशी बुडबुड्यात अलगद जाऊन बसली. दम भरला. पुन्हा सुटली, पुन्हा पाण्याबरोबर गेली. दगड आला तिथे अनुपमाने एक कळ एकदाच दाबली. दुसरा बुडबुडा. तिसरा जरा हुकला. दमाची पट्टी लाल होऊन लुकलुकू लागली. बुडबुडा आता परत गाठता येणार नव्हता, म्हणून तिने वर उजेडाकडे जायला कळेवर एकच फटका मारला.

पलीकडच्या काठावर लाल वेणीने हात टेकले.

हेडफोनमधून एवढा आरडाओरडा आला, की शेजारी उभ्या असलेल्या हर्षदलाही ऐकू गेला. "झकास!" श्रेयस ओरडत होता. "ताई, कसं केलंत? मी गेले चार महिने वेड्यासारखा दाबत होतो!" मग, तटावर थांबवलेला आपला जीव आठवून, जरा अधीर होऊन म्हणाला, "आता मी घेऊ?"

"माझा जीव आहे अजून," अनुपमा म्हणाली.

पडद्यावर पाचवा टप्पा उघडला. कौलारू छपरांची लांबच लांब रांग, वारा, आणि छपरांवर फिरणारे लठ्ठ बोके. अनुपमा पुढे सरकायलाच तयार नव्हती. ती मुलीला नुसती या कौलावरून त्या कौलावर हलकेच चालवत होती.

"ताई, उडी मारा, बोका येतोय!"

"येऊ दे. बघू तर दे आधी. अरे, लांब डोंगर पण आहे बघ. आणि तो धूर कसला, कुणाची तरी चूल पेटलीय वाटतं."

तिने एक छप्पर पार केलं. दुसऱ्यावर एका बोक्याला लाथेने उडवलं आणि स्वतःच दचकली. तिसऱ्या छपरावर दोन बोके समोरासमोरून आले, तिने नको तेव्हा उडी मारली आणि लाल वेणी सरळ गल्लीत पडली. जीव गेला. सगळे हसत सुटले, आणि ती सगळ्यांपेक्षा जोरात.

"घे रे श्रेयस," ती म्हणाली. "डावीकडच्या बोक्याला घाबरू नकोस, तो नुसता गुरगुरतो. उजवीकडचा हरामखोर आहे."