माहेरचा दोष, सासरचा आजार

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझी नऊ वर्षांची मुलगी घास अडकतो म्हणून रडायची. सासूबाई "नखरे आहेत" म्हणत तिच्यापुढचं ताट उचलायच्या.

आज जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, "अ‍ॅलर्जीमुळे अन्ननलिकेला सूज आली आहे. हे जनुकांतून येऊ शकतं. घरात आणखी कोणाला त्रास आहे?"

"हिच्या माहेरचंच असेल," सासूबाई लगेच म्हणाल्या.

तेवढ्यात माझे सासरे हळूच बोलले, "मना बी घास अडकस, लहानपणपाईन."

सासूबाईंचे डोळे भरले. "अहो, तुमचाही अडकतो? इतकी वर्षं सोसलंत?"

माझी लेक शेजारीच बसली होती. तिला त्यांनी जवळसुद्धा घेतलं नाही.

माहेरचं असलं की दोष आणि सासरचं निघालं की आजार? तुमच्याकडेही असंच चालतं का?