दाराकडे पाठ असलेली खुर्ची

दोन आकडे उलटे म्हणताना ती अडकली आणि पुढचे चार आकडे मात्र धडाधड उलटे म्हणून मोकळी झाली. मुलांच्या मानसिक तपासण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती, पण असं उलटं मी पाहिलं नव्हतं.

सात वर्षांच्या त्या मुलीला तिची मावशी घेऊन आली होती. मावशी देवराज मोहल्ल्यात ब्लाऊज शिवायची. आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं घर. मराठीत कन्नड मिसळलेलं. "नोडी, बघा ना मॅडम, हाक मारली तर ओ देत नाही. टीचर सांगतात, लक्ष म्हणून नाहीच हिला. पोटभर वाढते मी, तरी रोट्टी खिशात लपवते."

मुलीची आई ती तान्ही असतानाच वारली होती. साडेचार वर्षांची होईपर्यंत ती हिनकलला बापाजवळ होती. तो कडकोळच्या कारखान्यातून घरी आला की तिला मारायचा, कोंडून ठेवायचा, कधी उपाशी ठेवायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा कुठे ती मावशीकडे आली.

शाळेने अतिचंचलतेची शंका कळवली होती. कान तपासून झाले होते, ठणठणीत होते. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मलाही शाळेचं पटलं होतं. पण ते आकडे डोक्यातून जाईनात. लक्ष कमी असलेलं मूल अवघड प्रश्नावर अडतं. ही सोप्यावर का अडली?

दुसऱ्या भेटीत मी उत्तरपत्रिकेच्या कडेला खुणा करत गेले. ती कुठे थांबते, त्या क्षणी आसपास काय होतं. खोलीत काहीच नव्हतं. जे होतं ते बाहेर. व्हरांड्यात पाऊल वाजलं की तिचे हात ठोकळ्यांवर थिजायचे.

"बाहेर कोण गेलं गं आत्ता?" मी सहज विचारलं.

"पाणी देणारी आक्का. ती पाय ओढते." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मग एक अंकल आले. दाराशी थांबले. अजून आहेत."

मी दार उघडलं. एक आजोबा दारावरची पाटी वाचत उभे होते.

"आणि मी कशी चालते?"

"तुम्ही भरभर. दार आलं की हळू होता."

हे मला स्वतःबद्दल ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत स्वतःचीच पावलं ऐकत राहिले.

तिसऱ्या भेटीत मी खुर्च्यांची अदलाबदल केली. तिची पाठ भिंतीला, समोर अर्धं उघडं दार. तशाच प्रकारची दुसरी चाचणी दिली. या वेळीही ती चुकली, पण अवघड जागी, तिच्या वयाची मुलं चुकतात तशी. गणितात मात्र खरंच कच्ची निघाली.

मी मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बापाकडचं ते सगळं तिला आठवतं? माझ्याशी एक अक्षर बोलली नाही."

"आठवत असेल, नसेलही. मी ते विचारलेलं नाही. पण कोण येतंय ते आधी कळलं नाही तर धोका, एवढं ती तिथे शिकली आहे. तिचं लक्ष सारखं त्याच कामाला जुंपलेलं असतं."

मावशी हातातली पिशवी चुरगाळत राहिली. "मी मागून जाऊन पाठीवरून हात फिरवते तिच्या. प्रेमानंच हो."

"प्रेमानंच. फक्त आधी आवाज द्या, समोरून जा. आणि रोट्टीचा डबा तिच्या हाताला येईल असा ठेवा."

अहवालात मी अतिचंचलता लिहिली नाही. लहानपणच्या छळाचे परिणाम लिहिले, दर आठवड्याला खेळातून उपचार सुचवले, आणि वर्गात शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून जागा. टीचरना ते विचित्र वाटलं. "मागे बसवलं तर उरलंसुरलं लक्षही जाईल," त्या म्हणाल्या. महिनाभर करून पाहा, अशी मी विनंती केली.

तो महिना अवघड गेला. मग हळूहळू वही भरू लागली. खिशात रोट्टी अजून सापडायची, पण रोज नाही. वर्ष संपता संपता मावशीचा फोन आला.

"टीचरनी बोलावलं होतं. वर्गात शेजारच्या मुलीशी फार गप्पा मारते म्हणे. काय करू मॅडम, रागावू?"

"थोडंसं," मी म्हटलं.