कडुलिंबापाशी

सकाळची पॅसेंजर आली, की आमच्या स्टेशनावर सगळा फलाट पळत सुटतो. पूर्वी गाडी लांबलचक असायची आणि तिचा शेवटचा डबा बरोबर कडुलिंबापाशी थांबायचा. पुढे डबे कमी झाले. आता शेवटचा डबा पार तिकडे, पाण्याच्या टाकीजवळ थांबतो. तरी आम्ही उभे राहतो ते कडुलिंबापाशीच. खरं तर कडुलिंबही आता नाही. नुसता बुंधा उरलाय आणि त्याच्या नसलेल्या सावलीत आम्ही घाम पुसत असतो.

इथे एके काळी स्टेशनमास्तर होते, घंटा होती, गार पाण्याचा रांजण होता. आता तिकीट चहाच्या टपरीवर मिळतं. जे गेलं ते गेलं, हे डोक्याला कळतं. पायांना कोण सांगणार?

पेरूची पाटी घेऊन रोज बाजाराला जाणाऱ्या गिरजामावशींचे गुडघे पार गेलेत. आज त्यांच्या पाटीला मी हात लावला आणि आम्ही दोघं कसेबसे डब्यात चढलो. बाकावर टेकल्यावर मी विचारलं, "मावशी, टाकीपाशीच का नाही उभ्या राहत?"

"तिथं कशाला?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आपली जागा तीच हाय. गाडीच चुकती थांबायला."

मला हसायचं होतं, पण तेवढाही दम उरला नव्हता. उद्यापासून टाकीपाशी उभं राहायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. कालही केलं होतं.