काढून ठेवलेल्या कार्डाचं उत्तर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही मी कुणाकडे अंगारा आणायला जात नाही. वय त्र्याहत्तर, डोकं शाबूत. ‘काकांना भास झाला’ असं ज्यांना लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं...

१९९९ साल. दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर तारखा चुकवतील म्हणून Y2K ची धावपळ चालू होती. कोथरूडमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेटवर्क माझ्याकडे होतं. प्रत्येक मशीनला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मी हाताने द्यायचो आणि वहीत नाव लिहायचो. ४७ म्हणजे मेश्राम. नागपूरहून आलेला, अबोल, कामाला चोख. आयपी कुणालाही बदलता येतो. पण मशीनला नेटवर्कच्या वायरीशी जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा स्वतःचा नंबर येतो.

एका सकाळी मेश्रामचं कार्ड त्रास देत होतं म्हणून मी ते काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुपारी सर्व्हरवरून अमेरिकन गिऱ्हाइकाचा अख्खा प्रोग्राम पुसला गेला. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदीत, पुसणाऱ्याचा पत्ता — ४७.

“आगाशे, सत्तेचाळीस कोण?” साहेबांनी विचारलं.

“मेश्राम,” मी वही बघून म्हणालो.

“सर, माझं कार्ड तर तुम्ही सकाळीच काढून नेलं ना,” मेश्राम म्हणाला.

“आठवत नाही.”

चांगलं आठवत होतं. पण मेश्राम नाही तर कोण? पत्ते वाटणारा मी एकटा. संशय माझ्यावर आला असता. संध्याकाळच्या आत साहेबांनी त्याचा राजीनामा घेतला.

त्या रविवारी भर दुपारी मी एकटाच ऑफिसात गेलो. कुणीतरी ४७ चोरून वापरतोय, त्याला पकडायचं होतं. सगळ्या वायरी उपटल्या, मग एकेक परत जोडून बघणार होतो. माझं मशीन आणि सर्व्हर, दोनच ठेवले. दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले. मग ४७ ला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं.

चार वेळा उत्तर आलं.

उत्तर देणाऱ्या कार्डाचा नंबर स्क्रीनवर काढला. ड्रॉवरमधलं कार्ड हातात घेऊन त्यावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. बाराच्या बारा अक्षरं तीच. कार्ड माझ्या तळहातावर होतं... ना वायर, ना वीज.

‘मशीनने जुना नंबर लक्षात ठेवला असेल’ म्हणणाऱ्या इंजिनिअरांनी रविवारचा परिच्छेद पुन्हा वाचावा. रीस्टार्ट केलं होतं.

गेल्या महिन्यात कोथरूडशेजारीच वारज्याला मेश्रामच्या घरी गेलो. सगळं सांगितलं.

“कोथरूडहून इथं यायला एवढी वर्षं? बस मिळाली नाही का, सर?” तो म्हणाला. मग चहाचा कप पुढे सरकवत म्हणाला, “भूतबित आम्ही मानत नाही. ते तुमच्याकडेच ठेवा. पण त्यानंतर मला या धंद्यात कुणी उभं केलं नाही. माझं तेवढं लिहून द्या. तुमच्या नावानिशी.”

म्हणून लिहितो. मी, श्रीधर आगाशे. प्रोग्राम पुसला गेला त्या दुपारी मेश्रामचं मशीन नेटवर्कवर नव्हतं. कार्ड मी काढलं होतं. ‘आठवत नाही’ हे खोटं होतं.

रविवारी काय झालं, याचा उलगडा मला आजही नाही. कुणाला झाला तर जरूर कळवा. पण सोमवारी साहेबांकडे जाऊन मी खरं का सांगितलं नाही, त्यात गूढ काही नाही. घाबरलो.