तात्यांच्या शेतातली आमची येळवस

मी मुरुमच्या शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवतोय, आणि स्वतःच्या बापाचं शेत मला ओळखता येतं असा माझा समज होता.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात! कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडून पूजायचे, शेताभोवती आंबील शिंपडायची आणि भाज्यांची भज्जी अन् बाजरीचे उंडे हाणून तिथंच आडवं व्हायचं. ही पूजा आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जन्मभर कुणाच्या हाताला लागू दिली नव्हती. पण त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला.

"यंदा पूजा तू कर," आबा म्हणाले. "नीट केलीस तर कायमची तुझी. न्हाय तर फुडल्या साली दाजी करतील."

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे नवरे. शेजारीच बसून सुपारी कातरत होते. (माणूस नको तितका शांत. असल्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय!) घरचा मान जावयाच्या हातात? माझ्या जिवंतपणी?

"शेत घावंल न्हवं?" आबांनी विचारलं.

"आबा! आपलं शेत म्हणजे चिंच, अन् चिंचंखाली कोप. लहानपणापासून बघतोय की!"

(लहानपणानंतर मात्र फारसं बघितलं नव्हतं. ते सांगायची काही गरज नव्हती.)

बायको, बहीण, दाजी, डोक्यावर टोपल्या, कमरेवर आंबिलीचं मडकं, अशी वरात घेऊन मी पुढं निघालो. चिंच दिसली. चिंचेखाली कोप दिसली. "बघा, आबांनी गड्याकडनं काय झकास कोप बांधून घेतलीय!" मी म्हणालो.

"अहो, आपल्यात हरभरा पेरलाय ना?" बायको म्हणाली. "ही तर करडई दिसती."

"बदलला असंल बेत आबांनी!"

दाजींनी इकडं तिकडं बघितलं. "मेव्हणं, चिंच बांधाच्या ह्या अंगाला व्हती का?"

"दाजी, शेत आमचं हाय का तुमचं?"

दाजींनी टोपली खाली ठेवली. मी पूजा अशी झोकात केली की पांडवसुद्धा खूश झाले असतील. मग आंबिलीचं मडकं घेऊन "ओलगेऽ ओलगेऽ" ओरडत शेताभोवती पळालो, एक कोपरा कोरडा ठेवला नाही. चौथ्या कोपऱ्यावर समोर तात्या उभे! डोक्यावर टोपलं, मागं सगळं घरदार.

तात्या म्हणजे आमचे बांधशेजारी. आबा म्हणायचे, तात्यांनी हातभर बांध कोरला. त्यावरून अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. एकमेकांच्या मयतीलाही जायचं नाही, अशी दोघांनीही शपथ घेतलेली. (जो आधी जाईल त्याला ती कशी पाळता येणार, हा विचार कुणीच केला नव्हता.)

मी मोठ्या मनानं हात जोडले. "या तात्या, या! येळवशीला राग धरू नये. बसा, दोन घास खावा आमच्यात!"

तात्यांनी टोपलं खाली ठेवलं. कोपीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, म्याच वाढतो की तुमाला. शेत माझं हाय."

उरलेली आंबील माझ्या पायावर सांडली. "पण चिंच..."

"ही माझी. तुमची दोन सालामागं वाऱ्यानं पडली. तुमची कोप ती बघा, बांधापल्याड."

पलीकडं खरंच एक कोप रिकामी उभी होती. आणि तिच्या दारात, काठी टेकत, सुजल्या गुडघ्यानं आलेले आबा!

"कुठं मेलास रं?" आबा ओरडले.

"हितं!" दुसरं काय सांगणार?

आबा तोच तो बांध ओलांडून आले. पूजा बघितली आणि त्यांचं तोंड लाल झालं. आता काठी उठणार, एवढ्यात तात्या म्हणाले, "आबा, हातभर बांधासाठी तुमी अकरा सालं बोलला न्हाय. तुमच्या पोरानं तर आख्खं शेतच घेतलं की!"

आबांनी हसू दाबलं, पण मिश्या हलायला लागल्या. शेवटी खदाखदा हसत खालीच बसले. "तात्या, ह्यो पोरास्नी नकाशे शिकवतो!"

"मंग ती पोरं घरला पोचत्यात कशी?"

अकरा वर्षांचं भांडण माझ्या अब्रूवर मिटलं! लाज वाटली, पण खरं सांगतो, त्या दोघांना एका ताटात जेवताना बघून बरंही वाटलं.

आमच्या शेताची पूजा राहिलीच होती आणि आमची आंबील तर तात्यांच्या करडईत गेलेली. ती पूजा तात्यांनी केली, त्यांच्या आंबिलीनं. त्या साली आमचा हरभरा अळीनं खाल्ला आणि तात्यांची करडई अशी पिकली की विचारू नका. तेव्हापासून तात्या दर येळवशीला निरोप धाडतात, "मास्तरच्या हाताला गुण हाय, त्यास्नीच धाडा." आणि आबा ताबडतोब धाडतात! आमची पूजा दाजी करतात. मी तात्यांची उरकून आमच्याकडं पाहुण्यासारखा जेवायला जातो.

गेल्या येळवशीला असाच गेलो. कोपीत बसलो, भज्जी दोनदा मागून घेतली, उंडे चापले, वर आंबील प्यालो. मग वाढणाऱ्या बाईंना विचारलं, "आबा कुठं दिसंनात?"

बाई म्हणाल्या, "कोण आबा?"