पंचशीलाचे बावीस तास

नांदेडला डॉ. मुखेडकरांच्या दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढल्यावर पंचशीलाचं माणसांबद्दलचं मत काही फार चांगलं उरलं नव्हतं. खुर्चीत आडवा झालेला माणूस खोटं बोलतोच, असा तिचा अनुभव. दोन वेळा दात घासतो म्हणणाऱ्याच्या हिरड्यांत परवाची मेथी सापडायची. तंबाखू सोडली म्हणणाऱ्याच्या गालात सकाळचा विडा तसाच असायचा. डॉक्टर "हं, हं" करून ऐकून घ्यायचे. पंचशीला मास्कच्या आड ओठ मुरडायची आणि लाळ ओढायची नळी जरा जोरातच गालाला लावायची.

मास्क तिच्या सोयीचा होता. तिचे वरचे चार दात पुढे आलेले आणि खालचे एकमेकांच्या अंगावर चढलेले. वडील किनवटकडच्या रेल्वेलाइनवर गँगमन. पाचवीपासून ती मुलींच्या वसतिगृहात वाढली. तिथं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पडलं, फावडी. बारावीपर्यंत ते पुरलं. वॉर्डनबाईसुद्धा हजेरीच्या वेळी एकदा चुकून तेच बोलून गेल्या आणि अख्खा हॉल हसला. संघपाल तिला बघायला आला तेव्हा तिनं तासभर ओठ घट्ट मिटून ठेवले. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक असलेला तो भला माणूस घरी जाऊन म्हणाला, "पोरगी लई गंभीर हाय. शिकलेली दिसती."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अलाइनरची ट्रीटमेंट सुरू केली. दातांवर नेमकी बसणारी पारदर्शक प्लास्टिकची ट्रे. दर पंधरा दिवसांनी नवी. प्रत्येक ट्रे दाताला केसभर ढकलते. तार नाही, खिळे नाहीत, कुणाला दिसत नाही. अट एकच. दिवसाचे बावीस तास ती तोंडात पाहिजे. जेवताना काढायची, डबीत ठेवायची, दात घासून परत घालायची. पाण्याशिवाय घोटभर काही प्यायचं तरी काढायची.

"पहिली केस तुझीच करू," डॉक्टर म्हणाले. "आधीचा आणि नंतरचा फोटो भिंतीवर लावायला मिळाला म्हणजे झालं. तू मला काही देऊ नकोस."

"कधी सुरू करायचं?" पंचशीलानं विचारलं. डॉक्टरांचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात अंगद सर आले. लातुरात त्यांचे क्लासेस होते, आणि नांदेडला नुकतीच शाखा उघडली होती. लातुरात आपल्याला दाताच्या खुर्चीत कुणी पाहू नये म्हणून ते इकडे आले होते. पोरांना तासन्‌तास भाषण देणारा माणूस. व्हिडिओ हजारो लोक बघत. त्यांच्या क्लासच्या पाट्यांवर एकच ओळ असायची: 'रोज. न चुकता.' जूनमध्ये ॲडमिशनच्या सुमाराला मोठं होर्डिंग लागणार होतं, त्यावर सरांना हसायचं होतं.

दोघांनाही चोवीस ट्रे निघाल्या. सरांना ट्रे घालायची-काढायची कशी हे पंचशीलानंच शिकवलं. बावीस तास म्हणजे बावीस तास, हे तिनं तीनदा सांगितलं, कागदावर लिहून दिलं.

"सिस्टर, शिस्त मला शिकवू नका," सर हसत म्हणाले. "माझा धंदाच तो आहे."

पहिले दोन दिवस पंचशीलाचे दात असे ठणकले की भात चावताना डोळ्यांत पाणी आलं. जीभ ट्रेला अडखळायची. स चा श व्हायचा. "शंघपाल" अशी हाक ऐकून नवरा पोट धरून हसला. पण खरं दुखणं वेगळंच निघालं. मराठवाड्यात कुणाच्याही दारात पाय ठेवला की चहा पुढं येतो. दवाखान्यात सकाळी चहा, औषध कंपनीचा एमआर आला की चहा, शेजारीण आली की चहा. दर चहाला ट्रे काढायची, दात घासायचे, परत घालायची, असं करत बसलं तर बावीसचे सोळा तास व्हायला वेळ लागत नाही. तिनं हिशोब ओळखला आणि चहाच सोडला. दोन वेळचं जेवण, मध्ये पाणी.

औशाला तिची नणंद बबिता राहायची. तिच्या पोरीच्या नामकरणाला पंचशीला गेली तेव्हा दोनदा चहा परत केला.

"वहिनी, आमच्या कपाला काय झालं?" बबितानं चार बायांसमोर विचारलं.

"कपाला काय न्हाई झालं. माझ्या तोंडात ट्रे हाय."

"पस्तिशीत? दोन लेकरं झाल्यावर? आता कुणाला दाखवायचेत दात?"

बाया हसल्या. पंचशीलानं त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं. एकीचे दात मिश्रीनं काळे, एकीच्या दाढा गेलेल्या, बबिताच्या स्वतःच्या समोरच्या दातावर अर्धवट निघालेलं सिमेंट. सगळ्या तोंड भरून हसत होत्या. ह्यांना लाज नाही आणि मला मात्र लाजवून राहिल्या, असं तिच्या मनात आलं. ती फक्त एवढंच बोलली, "मलाच दाखवायचेत. आरशात."

नवव्या ट्रेला किनवटला चुलतभावाचं लग्न होतं. मंडपात जेवताना डबी पर्समध्ये आणि पर्स लेकीकडे. पंचशीलानं ट्रे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. पेशंटला रोज घोकून सांगायची ती गोष्ट, कागदात गुंडाळू नका, आणि हिनं नेमकं तेच केलं. हात धुऊन आली तर ताट उचलून नेलेलं.

तिला कुणाला दोष द्यायला जागा नव्हती. मंडपामागं उष्ट्या ताटांचा ढीग होता, कुत्री हुसकावत एक बाई उभी होती. नव्या साडीचा पदर खोचून पंचशीला त्या ढिगात बसली. वरण, बुंदी, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा. स्वतःलाच ती मनात शिव्या घालत होती, आणि त्या शिव्या तिनं आजवर कुठल्या पेशंटलाही घातल्या नव्हत्या.

"सोनं पडलं का वं?" कुणीतरी विचारलं.

"हाव."

हे ऐकून दोन बाया मदतीला आल्या. अर्ध्या तासानं एका चुरगळलेल्या रुमालातून प्लास्टिकचा तो तुकडा निघाला तेव्हा त्या बायांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक म्हणाली, "एवढ्यासाठी आमाला उष्ट्यात हात घालायला लावला?" पंचशीलानं नळाखाली ट्रे धुतली, घरी गेल्यावर दवाखान्यातली साफ करायची गोळी टाकलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची असं ठरवलं, आणि तोवर घालून टाकली. संघपाल लांबून बघत होता. बसमध्ये तो म्हणाला, "एवढी जिद्द हाय तुझ्यात, म्हाईत नव्हतं."

"लग्नाला तेरा वर्षं झाली," ती म्हणाली. "कधी म्हाईत होणार होतं?"

इकडे अंगद सर दर महिन्याला गाडीतून यायचे, सुवास दरवळायचा, रिसेप्शनच्या पोरी उठून उभ्या राहायच्या. "घालताय ना सर?" डॉक्टर विचारायचे. "रोज. न चुकता," सर म्हणायचे, आणि दोघं हसायचे. पंचशीला हसायची नाही. सर वापरलेल्या म्हणून ज्या ट्रे आणायचे त्या पाकिटातून काढल्यासारख्या कोऱ्या असायच्या. चावल्याची खूण नाही, कडेला ओरखडा नाही. नवी ट्रे घातली की दात आणि प्लास्टिक यांच्यामधून उजेड दिसायचा. तिनं डॉक्टरांना दोनदा सांगितलं. "मोठा माणूस आहे, घालेल," ते म्हणाले. आपला सरळ डॉक्टर गाडीचा नंबर बघून भोळा होतो, हे पंचशीलाला तेव्हा कळलं आणि तिला त्याचीही थोडी किळस आली.

मेच्या शेवटी सर आले ते चिडूनच. चार दिवसांनी फोटोग्राफर येणार होता. सोळावी ट्रे बसत नव्हती. खरं म्हणजे पाचवीही बसली नसती. दात होते तिथंच होते.

"आठ महिने झाले डॉक्टर. ही काय ट्रीटमेंट आहे?" सरांचा भाषणाचा आवाज लागला. बाहेर बसलेले पेशंट मान वर करून बघू लागले. "आणि बावीस तास घालायची हे मला कुणी नीट सांगितलंच नाही. तुमच्या या बाईला समजावता येत नाही."

डॉक्टरांनी पंचशीलाकडे पाहिलं. "पंचशीला, सरांना सॉरी म्हण. आपण नव्यानं स्कॅन घेऊ."

पंचशीलानं मास्क खाली केला. तिनं सरांच्या ट्रे कपाटातून काढल्या आणि स्टीलच्या तबकात ओळीनं मांडल्या. पंधराही लखलखीत.

"सर, पोरगं म्हणलं, गृहपाठ केला, तर तुम्ही वही बघता का न्हाई?"

तिनं तबक सरांपुढं सरकवलं.

"ही तुमची वही. कोरी हाय."

"तू मला शिकवतेस?"

"न्हाई. तुम्हाला कोण शिकवणार? हजार पोरांना तुम्ही रोज सांगून राहिले, रोज, न चुकता. एक प्लास्टिक तोंडात ठेवायचं जमलं न्हाई, तर तसं म्हणायचं होतं. त्यासाठी तुमचे दात कुणी उपटले नसते. मी घालते. माझीबी सोळावीच हाय." तिनं तोंड उघडून दाखवलं. दात अजून पुरते सरळ नव्हते, पण रांगेत आले होते.

डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवलं. सर गेल्यावर आत बोलावून अर्धा तास झापलं. पेशंट तुटला तर, नाव खराब झालं तर. तिनं ऐकून घेतलं. नोकरी जाईल असंही तिला वाटून गेलं, आणि दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. पण माफी काही तिनं मागितली नाही. डॉक्टरांनीही परत विषय काढला नाही.

जूनमध्ये बबिताच्या सासूला बघायला ती औशाला निघाली. लातूरला बस बदलायची होती. स्टँडसमोर सरांचं होर्डिंग होतं, दुमजली. सर हसत होते, आणि दात असे पांढरे, असे सरळ, की माणसाच्या जबड्यात तसे बसूच शकत नाहीत. कॉम्प्युटरवर कुणी पोरानं दोन मिनिटांत केले असणार. खाली तीच ओळ होती. पंचशीलानं ती वाचली, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरून रस्त्याच्या कडेला थुंकली आणि औशाच्या बसकडे वळली.

तिची चोविसावी ट्रे ऑक्टोबरमध्ये संपली. दोन दात थोडे मागं राहिले होते म्हणून आणखी सहा आल्या. त्याही तिनं घातल्या. संपल्यावर कळलं की रिटेनर नावाची दुसरी ट्रे आता जन्मभर झोपताना घालायची, नाहीतर दात जुन्या जागी परततात. बाकीच्यांनी कपाळावर हात मारला असता. ती म्हणाली, "बरं." भिंतीवर फोटो लागला, फक्त नाकाखालचा. कुणाचा आहे हे कुणाला कळत नाही. डॉक्टरांनी तिला एकदा विचारलं, चेहरा लावू का. "नको," ती म्हणाली. "येणाऱ्यानं दात बघावेत."

मात्र एक बदल झाला. अलाइनरचा पेशंट आला की डॉक्टर आता आधी त्याला पंचशीलापुढं बसवतात. ती दहा मिनिटं बोलते. कधी उठता, चहा किती, चष्मा किती वेळा हरवला, औषधाचा कोर्स पुरा करता का. मग आत जाऊन सांगते. गेल्या वर्षभरात तिनं सहा जणांना नाकारलं. परवाच एक इंजिनियर आला होता, बोलायला गोड, लग्न ठरलेला.

"ह्यांना तार लावा डॉक्टर," ती आत जाऊन म्हणाली. "सिमेंटनं चिकटवून. ह्यांच्या हातात काढायचं काही देऊ नका."

"एवढ्या लवकर कसं ठरवलंस?"

"विचारलं, रोज घालाल का. तर म्हणाले, शंभर टक्के."

डॉक्टरांनी तारेचा बॉक्स काढायला सांगितला.